न विचारलेले प्रश्न

एप्रिल २०१७ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले. कायद्याचे एक कलम आणि चित्रपटाची सगळी गोष्ट एकाच माणसाबद्दल होती: ज्याने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि जो वाचला, त्याच्याबद्दल. कलम ११५ म्हणते, की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे धरून चाला, त्याच्यावर खटला भरू नका, त्याला शिक्षा करू नका. भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ तोवर त्याला आरोपी ठरवत आले होते, म्हणून हे पाऊल मोठेच. पण जखम सुकल्यावर तो माणूस घरी येतो. दार लावून पडून राहतो, भरल्या ताटावरून उठतो, विचारले की खेकसतो. त्याच्याशी बोलायचे कसे, हे कोणत्याच कलमात बसत नाही. तिथे ‘कासव’ लागतो.

आलोक राजवाडेने उभा केलेला तो तरुण रुग्णालयातून पळालेला आहे. तापाने फणफणलेला असा तो जानकी नावाच्या स्त्रीला वाटेत सापडतो आणि ती त्याला कोकणातल्या आपल्या मुक्कामी घेऊन येते. पुढे काय होते त्यापेक्षा काय होत नाही, ते पाहण्यासारखे आहे. ती त्याला नाव विचारत नाही. गाव कुठले, घरी कोण, मनगटाला काय झाले, काहीच नाही. जेवण समोर येते, खोली मिळते, आणि प्रश्न येत नाहीत. आपल्याकडे आल्यागेल्याची विचारपूस करणे ही माणुसकी मानतात, आणि ती आहेही. पण जो स्वतःलाच उत्तर देऊ शकत नाही, त्याला तीच विचारपूस उलटतपासणीसारखी बोचते. जानकीला हे कळते, कारण ती स्वतः अशाच अंधारातून, उपचार घेत घेत बाहेर आलेली आहे. इरावती हर्षेने हे न विचारणे इतके सहज केले आहे, की त्यामागे किती संयम आहे हे आपल्याला उशिरा जाणवते.

जानकीसोबत असलेल्या, किशोर कदमने केलेल्या यदूला मात्र हे सगळे पटत नाही. कोण कुठला मुलगा, त्याचे एवढे लाड कशाला, ही त्याची कुरकूर. आणि खरे सांगायचे तर पाहणाऱ्याचे मतही सुरुवातीला यदूच्याच बाजूला झुकते. कारण मुलगा उद्धट आहे, कृतघ्न वाटतो. दिग्दर्शकांनी त्याला मुद्दाम गोजिरवाणा केलेला नाही, आणि माझ्या मते हीच या चित्रपटाची सर्वांत मोठी कमाई. देखण्या दुःखाची कणव कोणालाही येते. ज्याचे मन आपल्यापेक्षा वेगळे चालते, तो माणूस मात्र पुष्कळदा सोसायला कठीण असतो. तो आवडला नाही तरी त्याच्याजवळ दोन तास बसून राहणे, एवढे कला आपल्याकडून करून घेते.

चित्रपटात ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम चालते, जसे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर गेली अनेक वर्षे चालू आहे. अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून राखायची, पिल्ले वर आली की पाण्याच्या थोडे अलीकडे वाळूत सोडायची. उचलून लाटेत ठेवायची नाहीत. चालायचे त्यांनीच. राखणदार, जानकीसारखेच, बाजूला उभे राहून वाट मोकळी ठेवतात.

सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्याच्या शिक्षिका आणि संशोधक. वस्तीतल्या स्त्रियांवरचे संशोधन त्या निरक्षर स्त्रियांपर्यंत अहवालातून पोचणार नाही, म्हणून त्या कॅमेऱ्याकडे वळल्या आणि १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. जिच्याबद्दल लिहिले जाते तिलाही ते पाहता आले पाहिजे, हा आग्रह मला त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसतो.

याच दिग्दर्शक जोडीच्या ‘अस्तु’ या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी केलेले संस्कृतपंडित शास्त्री स्मृतिभ्रंशाने हळूहळू पुसले जात आहेत. रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे ते चालत जातात आणि हत्ती फिरवणाऱ्या कुटुंबातल्या चन्नम्माला ‘आई’ म्हणू लागतात. आजाराचे नाव तिला ठाऊक नाही. म्हाताऱ्यात तिला लेकरू दिसते आणि ती त्याला भरवते. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण चित्रपट एवढ्यावर भाबडा होऊन थांबत नाही. मुलगी इरा वर्षानुवर्षे हे ओझे वाहते आहे. चन्नम्माची माया थोड्या वेळापुरती आहे. इराचे थकणे, चिडणे आणि त्याबद्दल स्वतःला खाणे, हेही तितक्याच प्रेमाने दाखवले आहे. आजारी माणसाचे मन समजून घेताना त्याला सांभाळणाऱ्याचे मन हरवू दिलेले नाही.

अशा कलाकृतींवर ‘जनजागृतीपर’ असा शिक्का मारून आपण त्यांना आरोग्य खात्याच्या पत्रकाशेजारी ठेवतो, याचा मला राग येतो. आजाराची लक्षणे भिंतीवरच्या तक्त्यातूनही कळतात, आणि कळायलाच हवीत. पण तक्ता वाचून आपण ‘डिप्रेशन आहे त्याला’ म्हणतो आणि पुष्कळदा तिथेच त्या माणसाकडे पाहणे थांबवतो. आजाराला नाव मिळाल्यावर नजरेतून सुटलेला माणूस ‘कासव’ आणि ‘अस्तु’ पुन्हा समोर आणून बसवतात.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परिचारिकांच्या, शिक्षकांच्या, पोलिसांच्या प्रशिक्षणात हे चित्रपट पूर्ण दाखवावेत. पाच मिनिटांचा तुकडा आणि वर तासभर व्याख्यान, असे नको. कारण कंटाळा, चीड आणि मग हळूहळू बदलणारी नजर हा प्रवास तुकड्यात होत नाही. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेले डॉ. आगाशे हे चित्रपट दाखवून प्रेक्षकांशी बोलत आले आहेत. तसे बोलणे तालुक्याच्या गावीही व्हावे. सुरुवात ‘त्याला कोणता आजार होता?’ या प्रश्नाने करू नये. यदूची कुरकूर कोणाकोणाला पटली, हे आधी विचारावे. हात वर होतील. त्यांतले काही जण घरी अशाच कोणाशी रोज झगडत असतील, आणि ते मोठ्याने सांगायला त्यांना आजवर जागा मिळालेली नसेल.