बांधावरचा तरवड उपटू नका



बांध लख्ख असला की शेतकरी कष्टाळू, अशी आपल्याकडे समजूत आहे. बांधावर जरा हिरवे दिसले की पाठीवर पंप आलाच! उसातले तण काढलेच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच फवाऱ्यात बांधावरचा पिवळ्या फुलांचा तरवड जाळावा, हे आम्हांस पटत नाही.

काही सभासद म्हणतात, "ऊस टिपरीपासून येतो, त्याला भुंगा-माशी कशाला?" उसापुरते हे खरे. पण अंबड-घनसावंगीकडे निव्वळ उसावर घर चालवणारे किती? शेजारी तूर असते, दोडका-कारले असते, कुणाचा कांदा बियाण्यासाठी असतो. दोडक्याचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. पराग कुणी नेलाच नाही तर फळ धरत नाही. कांद्याचे बीही माशीवाचून नीट भरत नाही. आणि जालना तर बियाण्याचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको इथेच सुरू केली.

तरवडाच्या फुलात मध नाही, पण पराग भरपूर. परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असते. काळा भुंगा फुलाला बिलगून अंग थरथरवतो, तेव्हा पराग झडतो. सांडलेला पराग लहान माश्या वेचतात. त्यांच्या पिलांचे पोषण परागावरच होते. पिके फुलोऱ्यात नसतात त्या दिवसांत बांधही उघडा असला तर ही मंडळी खाणार काय? आणि ती उपाशी गेली, तर दोडक्यावर येणार कोण?

"तण शेतात घुसेल," ही भीती बोलून दाखवली जाते. १९५५ च्या सुमारास पुण्याकडे दिसलेले गाजरगवत देशभर पसरले, म्हणून भीती वाजवी आहे. पण ते परदेशातून आलेले. तरवड इथल्याच माळाचा. चुकून उसात रोप आलेच, तर कोवळे असतानाच खुरप्याने निघते.

मात्र पाटालगतचा ओला बांध त्याला मानवत नाही. कोरडा, मुरमाड बांध निवडा. बियांचे कवच टणक असते. त्या वाळूत घासून पहिल्या पावसात टोका. तरवड फुललेला असताना त्या बाजूला कीटकनाशक मारू नका.

सगळे बांध मागत नाही. प्रत्येक सभासदाने एक बांध राखावा, एवढेच आमचे सांगणे आहे. याला खर्च नाही. फक्त पंपाचा दांडा तेवढा आवरायचा आहे.