पाटा वजनासाठी असतो, उंचीसाठी नाही

खानदेशात सध्या उंच जीपचा शौक जोरात आहे. नंबर जळगावचा एमएच-१९ असो की धुळ्याचा एमएच-१८, थार, बोलेरो, जुनी कमांडर किंवा जिप्सी घ्यायची, तीन-चार इंच उचलायची आणि मोठे टायर चढवायचे. फोटो झकास येतो. मग आठ-दहा दिवसांत तक्रार सुरू होते, गाडी फार आपटते. मालक शॉकअपला शिव्या देतो, शॉकअपवाला रस्त्याला देतो. माझं म्हणणं असं की दोष या दोघांचाही नाही. उंची मिळवण्यासाठी आपण जो रस्ता निवडला, तोच चुकीचा आहे.

गरज खोटी आहे असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात रावेर-यावलच्या केळीच्या शिवारात काळ्या मातीतून ट्रॅक्टर गेले की गुडघाभर चाकोऱ्या पडतात. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी आणि पावरा बांधवांच्या वस्त्यांकडे जाताना नाले ओलांडावे लागतात. तिथे जीप हौसेची वस्तू नसते. मागच्या बाकड्यावर बाजाराला निघालेली माणसं असतात, कधी तापाने फणफणलेलं लेकरू असतं, कधी दिवस भरलेली बाई असते. गाडी कडक झाली की त्याची किंमत हीच माणसं मोजतात. चालवणाऱ्याला स्टीअरिंगचा आधार असतो आणि पुढचा खड्डा दिसतो. मागे बसलेला ॲक्सलच्या अगदी वर बसतो, त्याला काहीच दिसत नाही, सगळा दणका त्याच्या मणक्यात जातो.

आता हे होतं कसं ते पाहू. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. ट्रकच्या वर्दळीवर इथले पाटेवाले मिस्त्री तयार झाले. ट्रक बसला, टाका आणखी एक पाटा, हे ट्रकसाठी बरोबर उत्तर आहे, कारण ट्रकवर माल असतो. तेच उत्तर आपण रिकाम्या जीपला लावतो. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ मिलिमीटरचा पाटा टाकला तर डोळ्याला फरक किरकोळ दिसतो, पण तेवढ्याच लांबी-रुंदीचा तो पाटा जवळपास २.४ पट कडक असतो. बारा माणसं बसवली तर तो दबेल. एकटा माणूस गाडीत असताना तो दबतच नाही, गाडीच उसळते.

उंची खरं तर कमानीतून मिळते आणि कडकपणा जाडीतून येतो. पातळ पाटे तेवढेच ठेवून कमान जास्त असलेला नवा संच बसवला तर गाडी उंचही होते आणि मऊही राहते. जुनेच पाटे गार असताना हातोड्याने ठोकून कमान वाढवली तर ती लवकरच पुन्हा बसते. मग त्यावर जाड पाटा येतो आणि सगळं दुष्टचक्र सुरू होतं.

२०१० च्या थारच्या काही मॉडेलना पुढे पाटे नव्हते, टॉर्शन बार होता. त्याचा बोल्ट पिळला की गाडीचं नाक वर येतं, त्यामुळे हा सगळ्यात स्वस्त उपाय वाटतो. पण उंची येते ती चाकाच्या खाली जाण्याच्या मुभेतून. मग खड्डा आला की चाक खाली उतरू शकत नाही, शॉकअप पूर्ण ताणला जातो आणि 'खट्ट' आवाज होतो. २०२० च्या थारला पुढे-मागे कॉइल स्प्रिंग आहेत. तिथेही नुसते ठोकळे घालून गाडी उचलली आणि शॉकअप जुन्याच लांबीचे ठेवले, तर हाच आवाज येतो.

आणखी एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. मागचा ॲक्सल अखंड असेल तर स्प्रिंग उंच केल्याने बॉडी वर जाते, पण ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगडाला आधी तोच लागतो. त्याला वर उचलतो तो फक्त मोठा टायर. म्हणजे चार इंच लिफ्टचे पैसे देऊनही नाल्यातल्या दगडापासून गोळ्याची सुटका होत नाही. उलट गाडीचा तोल वर सरकतो, आणि चाळीसगावच्या औट्रम घाटातल्या वळणावर ते जाणवतं.

ज्यांनी गाडी आधीच उचलली आहे त्यांनी काय करावं? स्वस्तापासून सुरुवात करा. आधी टायरची हवा पाहा. जाड भिंतीच्या मोठ्या टायरमध्ये ठासून हवा भरली की अर्धा कडकपणा तिथेच येतो. कच्च्या रस्त्यावर हवा कमी करा, पण हायवेवर चढण्याआधी पुन्हा भरा. जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात कमी हवेचा टायर वेगात तापून फुटू शकतो.

मग बुश. गाडी जॅकवर असताना, चाकं लटकत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलं राहतं आणि सतत ताण देतं. बोल्ट सैल करा, गाडी चाकांवर उभी करा, थोडी हलवा आणि मग आवळा. याला खर्च जवळजवळ नाही. त्यानंतर पाटे खोलून गंज-धूळ साफ करा आणि मध्ये नायलॉनच्या पट्ट्या टाका, म्हणजे पाटे एकमेकांवर सरकतील. जादा टाकलेला पाटा काढून चालवून पाहा. आणि शेवटी, नव्या उंचीला साजेशा लांबीचे शॉकअप घ्या. बहुतेक लोक हा क्रम उलटा करतात. आधी महागडे शॉकअप घेतात आणि हवा शेवटपर्यंत तपासतच नाहीत.

कायद्याचंही एक सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळ्या बदलाच्या आड येतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून पाटे खोलण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांना विचारा.

आता मिस्त्रींबद्दल, कारण मला मुळात बोलायचं आहे ते याविषयी. १९४५ साली 'महिंद्रा अँड महंमद' या नावाने सुरू झालेल्या कंपनीने १९४७ पासून विलिज जीप जोडायला घेतली. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानात गेले आणि कंपनीचं नाव बदललं. पण त्या जीपचे पाटे ठोकणारे हात इथेच राहिले. त्यातले कितीतरी आमच्या मोहल्ल्यांतले. घरात उर्दू, गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलणारे हे कारागीर पाट्याचा आवाज ऐकून कुठला पान तुटलाय ते सांगतात. असं हुनर असलेल्या माणसाला आपण विचारत काहीच नाही, फक्त हुकूम देतो, "चाचा, अजून एक पाटा टाका." चाचाला कळतं की हे चुकतंय. पण नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजला जाईल. आपण पाट्याचे पैसे देतो, सल्ल्याचे देत नाही.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगणं आहे. मालकांनो, गॅरेजला गेल्यावर 'किती इंच' हे नंतर बोला. आधी सांगा की गाडीत रोज किती माणसं बसतात, किती माल असतो आणि रस्ता कोणता आहे. सल्ला मिळाला तर त्याचे पैसे द्या. आणि मिस्त्रींनो, तुमच्या हाताखालच्या पोरांना पान्ह्याबरोबर वहीही द्या. जाडीच्या घनाचं गणित दहावीच्या पोराला अर्ध्या तासात समजतं. हाताला कळलेलं त्याने मोजून दाखवलं, तर उद्या गिऱ्हाइकाला 'हा पाटा नको' असं तो छातीठोकपणे सांगेल, आणि गिऱ्हाईक ऐकेलही.