'शेडिंग देणे' : एका क्रियापदाची चिकित्सा

आपल्याकडे भाजीला फोडणी देतात, भिंतीला रंग देतात आणि चित्राला शेडिंग देतात. या तिसऱ्या 'देण्या'विषयी माझी तक्रार आहे. चित्र अगोदरच पूर्ण झालेले आहे आणि छाया ही मागाहून त्यावर चढवायची वस्तू आहे, असे हे क्रियापद गृहीत धरते. मानवाकृतीचे पेन्सिलचित्रण शिकणारे आपले विद्यार्थी वर्षानुवर्षे एकाच जागी अडकतात, ती जागा म्हणजे हे गृहीतकच होय, असे माझे मत आहे. मराठीच्या अध्यापकाला चित्रकलेत बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. क्रियापदांवर तरी आमचा अधिकार असावा.

रूढ पद्धत सर्वांना ठाऊक आहे. प्रथम ठसठशीत बाह्यरेषा. मग त्या रेषेला चिकटून सहा बी पेन्सिलीचा काळा पट्टा. मग तो बोटाने, कापसाने किंवा कागदाच्या सुरळीने आतल्या बाजूस घासत न्यायचा. हात असो, मान असो, गाल असो, कृती एकच. निष्पन्न होते ती एक गुळगुळीत, चकाकणारी नळी. पाहणारे 'काय शेडिंग आहे!' म्हणतात आणि विद्यार्थी धन्य होतो. त्या हाताच्या आत मनगटाचे हाड आहे, ते कोणत्या बाजूस वळले आहे, उजेड कोठून येतो आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर चित्रात नसते. घासणे हे बहुधा न पाहण्याचे साधन असते.

पाहायचे कोठे? पाचगणी हे शाळांचे गाव, आणि त्याच्या माथ्यावर टेबल लँडचे जांभ्या दगडाचे उघडे पठार आहे. छायाप्रकाशाचा याहून चांगला वर्ग मला माहीत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात दक्षिणेकडे तोंड करून उभा असलेला घोडेवाला पाहावा. त्याचा डावा गाल उजेडात आहे, उजवा सावलीत. सावलीतली सर्वांत गडद जागा कोठे आहे? ती कानाच्या कडेला नाही. गालाचे हाड जेथे उजेडाकडून वळते, त्याच्या लगेच पलीकडे ती आहे. तेथून कानाकडे जाताना आकाशाचा उजेड पुन्हा थोडा झिरपतो. म्हणजे काळोख कडेच्या जरा आत असतो, आणि आपण शिकवतो तो नेमका कडेवर. नाकाची पडछाया नाकापाशी धारदार असते व दूर जाताना विरत जाते. गालावरची छाया मात्र मुळातच मऊ असते. दोन्हींना एकच कापूस फिरवला की भेद संपला. दुपारी ऊन डोक्यावर आले की डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. पण तापलेल्या जमिनीवरून परतलेला उजेड हनुवटीच्या खालच्या बाजूला लागतो. हा परावर्तित प्रकाश विद्यार्थ्याला कोणी दाखवलाच, तर तो हर्षभराने तो इतका पांढरा ठेवतो की चेहऱ्याला दुसरा सूर्य लाभतो. कातडीचा रंग एकच असेल तर सावलीतली उजळात उजळ जागाही उजेडातल्या गडद जागेहून काळीच ठेवावी, एवढा एक नियम पाळला तरी निम्मी चित्रे सुधारतील. त्यासाठी डोळे किलकिले करून उजेड आणि सावली असे दोनच भाग आधी वेगळे करायचे असतात. तपशील नंतर.

आणि पावसाळ्यात? तेव्हा याच पठारावर धुके उतरते आणि सावलीच नाहीशी होते. जवळचा माणूस गडद, वीस पावलांवरचा फिका, त्यापलीकडचा जवळजवळ कागद. तेथे 'शेडिंग देणारा' काय देणार?

यावर एक देशी आक्षेप ठरलेला आहे : भारतीय चित्र रेषेचे, छाया परकीय, जे. जे. स्कूलमध्ये साहेबाने आणलेले ते खूळ. १८५७ साली सुरू झालेल्या त्या शाळेत ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९२०च्या सुमारास जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचा वर्ग उभा केला, हे खरे. पण विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने छायेला 'वर्तना' हे नाव देऊन तिचे पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकार कितीतरी आधी सांगून ठेवले आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेषा, अतिसूक्ष्म रेषा आणि ठिपके. तिन्हींत हात खुणा करतो, आणि प्रत्येक खुणेला दिशा किंवा जागा आहे. घासण्याचा चौथा प्रकार त्यात नाही, तो आमचा.

आता अधिक गंभीर गोष्ट. मराठीत 'उजळ' म्हणजे प्रकाशलेला, आणि 'उजळ' म्हणजे गोरा. ही गल्लत कागदावरही उतरते. कपडे, केस, झाड सारे गडद केल्यावर चेहरा मात्र कोरा ठेवायचा, कारण तो काळा झाला तर 'खराब' होतो. सावळ्या कातडीवर कागदाचा पांढरा रंग फार तर कपाळावरच्या, नाकाच्या शेंड्यावरच्या चकाकीपुरता हवा; बाकी सर्व भाग, उजेडातलासुद्धा, मध्यम छटेचा हवा. आपले विद्यार्थी स्वतःच्याच आईचा चेहरा रंगाने खोटा काढतात आणि आपण त्याला श्रेणी देतो.

श्रेणीचा विषय निघालाच आहे. शासकीय रेखाकला परीक्षांत, एलिमेंटरी काय आणि इंटरमिजिएट काय, वस्तू समोर ठेवून काढायची असते. माणूस येतो तो स्मरणचित्रात. ज्याने माणूस कधी समोर बसवून पाहिला नाही, त्याने तो स्मरायचा कोठून? तो मार्गदर्शक पुस्तकातून स्मरतो. म्हणून बाजारातली बाई, रंगपंचमीतला मुलगा आणि पाणवठ्यावरची म्हातारी एकाच साच्यातून निघतात. इंटरमिजिएटच्या अ, ब, क श्रेणींना दहावीत ७, ५ व ३ वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर साचा अधिकच मौल्यवान झाला आहे.

आमच्या विषयातले उदाहरण द्यायचे तर, 'माणदेशी माणसं' (१९४९) साच्यातून निघाली असती काय? व्यंकटेश माडगूळकर तेव्हाच्या औंध संस्थानातल्या माडगुळ्याचे, आणि स्वतः रेखाटने करणारे. त्या संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हेही चित्रकार. त्यांनी १९३८ साली औंधला उभारलेले संग्रहालय सातारा जिल्ह्यात आजही आहे. माडगूळकरांच्या गद्यात विशेषणे घासलेली नसतात. एखादा तपशील उजेडात येतो, बाकीचे सावलीत राहू दिले जाते. आमचे विद्यार्थी व्यक्तिचित्र लिहिताना 'मनमिळाऊ, कष्टाळू, प्रेमळ' असा कापूस फिरवतात, तेव्हा मला चित्रकलेच्या वह्याच आठवतात.

अलीकडे मोबाइलवरील छायाचित्रावरून हुबेहूब पेन्सिलचित्र काढण्याची हौस वाढली आहे. 'अगदी फोटो वाटतो' ही त्यातली परमोच्च पावती. पण आजचा मोबाइल अनेकदा सावल्या आपल्या मर्जीने उजळवतो, चेहरा गुळगुळीत करतो. विद्यार्थी तासन्‌तास राबून नक्कल करतो ती यंत्राने घेतलेल्या निर्णयाची.

राहिला व्यवहाराचा प्रश्न. साठ मुलांच्या वर्गात मॉडेल कोठून आणायचे, ही अडचण खोटी नाही. पण शेजारच्या बाकावरचा मुलगा फुकट बसतो. वर्गातले दिवे मालवावेत, एकच खिडकी उघडी ठेवावी. दोन बी पेन्सिल, साधा कार्ट्रिज कागद, वीस मिनिटे. बोट लावायचे नाही. बाह्यरेषा काढायची नाही. खिडकीकडचा खांदा भिंतीच्या उजेडात विरघळत असेल तर विरघळू द्यायचा. मग बाके बदलायची, म्हणजे पाहणारा आता पाहिला जाईल. परीक्षा मंडळाने स्मरणचित्राआधी अशी एक उत्तरपत्रिका मागवावी, एवढीच माझी मागणी आहे.