विंचवाचं बिऱ्हाड, चार रात्री एकाच काठावर

अमेरिकेतल्या मराठी घरांत सहल बऱ्याचदा नकाशावर टिकल्या लावून ठरते. पाच दिवस, तीन राज्यं, दोन राष्ट्रीय उद्यानं आणि वाटेत लास व्हेगसची एक रात्र. त्यात कुणाच्या तरी डोक्यात येतं, यंदा हॉटेलं नकोत, आरव्ही भाड्याने घेऊ. झोपायची, रांधायची, अंघोळीची सोय बरोबरच. टिकल्या मात्र तेवढ्याच राहतात. मग नऊ मीटर लांबीचं घर घेऊन मंडळी रोज तीनशे-चारशे किलोमीटर पळतात, रात्री अंधारात जागा शोधतात आणि परतल्यावर सांगतात, ‘आरव्ही काही खरं नाही.’

दोष आरव्हीचा नसतो. हे वाहन चालायला बेताचं आणि थांबायला उत्तम. वाळवंटातल्या नदीकाठी जायचं असेल तर त्याच्याकडून एकच काम घ्यावं: एका जागी नेऊन चार रात्री ठेवण्याचं. बाकीची सगळी आखणी त्यावरून करावी.

उदाहरणाला ॲरिझोनातलं बकस्किन माउंटन स्टेट पार्क घ्या. पार्कर या छोट्या गावापासून उत्तरेला अकराएक मैलांवर, कोलोरॅडो नदीच्या अगदी काठावर. मागे करडे-तांबूस उघडे डोंगर, पुढे हिरवंनिळं पाणी, पलीकडच्या तीरावर कॅलिफोर्निया. नदीचा हा पट्टा ‘पार्कर स्ट्रिप’ म्हणून ओळखला जातो. वरच्या अंगाला पार्कर धरण, खालच्या अंगाला हेडगेट रॉक बंधारा. त्यामुळे भर वाळवंटात पाणी तुडुंब दिसतं. धरणातून वीज आणि पाण्याच्या मागणीनुसार विसर्ग होत असल्याने दिवसभरात पातळी वरखाली होते. सकाळी वाळूवर मांडलेली खुर्ची संध्याकाळी पाण्यात दिसली तर नवल नाही.

१९३८ साली पुऱ्या झालेल्या या धरणाची उंची ३२० फूट आहे. त्यातला २३५ फुटांचा भाग नदीच्या तळाखाली गाडलेला आहे. भक्कम खडक लागेपर्यंत खोदावंच लागलं. धरणामागच्या हवासू जलाशयातून एक कालवा लॉस एंजेलिसकडे जातो, दुसरा फिनिक्स आणि टूसॉनकडे. या पाण्यावरून १९३४ साली ॲरिझोनाचे गव्हर्नर बेंजामिन मोर यांनी धरणाचं काम रोखायला राज्याचे सैनिक धाडले होते. त्यांनी नदीत बोटी घातल्या आणि वर्तमानपत्रांनी ‘ॲरिझोनाचं नौदल’ म्हणून त्यांची यथेच्छ थट्टा केली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात मात्र ॲरिझोनाची सरशी झाली आणि संसदेने रीतसर मंजुरी दिल्यावरच काम पुढे सरकलं.

पहिला निर्णय ऋतूचा. भारतातून आई-बाबा येतात ते थंडी टाळून, मे-जूनमध्ये. मुलांची सुट्टीही तेव्हाच. नेमका हाच काळ इथे टाळायचा असतो. वरच्या लेक हवासू सिटीत २९ जून १९९४ रोजी १२८ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५३ सेल्सियसच्या वर तापमान नोंदलं गेलं. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना पाहिलेल्यांनीही इथे हुशारी दाखवू नये. जानेवारीत चित्र पालटतं: दिवसा विशीच्या आसपास, रात्री स्वेटर हवा. उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतले आणि कॅनडातले निवृत्त लोक हिवाळाभर इकडे उतरतात. दक्षिणेला क्वार्ट्झसाइटजवळच्या सरकारी माळावर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा लांब मुक्कामासाठी वेगळं क्षेत्रच राखलेलं आहे. म्हणून आई-बाबांचं तिकीट नोव्हेंबर-डिसेंबरचं काढता आलं तर काढावं, आणि नदीकाठची जागा काही महिने आधीच राखून ठेवावी.

मग रस्ता. लॉस एंजेलिसहून अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. मोटारीने साडेचार तासांत होईल ते आरव्हीने सहा-सात तासांचं धरावं. पाम स्प्रिंग्जच्या अलीकडे पवनचक्क्यांचं जंगल लागतं. ते तिथे का उभारलं, हे उंच वाहनाला आडवा वारा लागला की लगेच कळतं. ट्वेंटीनाइन पाम्सपासून पुढे सुमारे दीडशे किलोमीटर जवळजवळ काहीच नाही, म्हणून टाकी तिथेच भरावी. गॅलनमागे दहाएक मैल म्हणजे लिटरला चार किलोमीटर. हा हिशेब गृहीत धरूनच खर्च मांडावा. नकाशा कदाचित पार्कर धरणावरून नदी ओलांडायला सांगेल. ऐकू नये. धरणावरच्या रस्त्यावर आरव्हींना मनाई आहे. पार्कर गावातल्या पुलावरूनच पलीकडे जावं. आणि घड्याळ पाहावं: हिवाळ्यात ॲरिझोना कॅलिफोर्नियाच्या एक तास पुढे असतं. नदीकाठी फोन कधी या तीराची वेळ दाखवतो, कधी त्या.

मुक्कामाला पोचल्यावर गाडी समतल करायची, विजेची जाड वायर खांबाला लावायची, पाण्याचा पाइप जोडायचा. इथे मराठी स्वयंपाकघराची परीक्षा सुरू होते. भाड्याच्या बऱ्याच आरव्हींना ३० ॲम्पिअरची जोडणी असते, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी दीड हजार, पाणी तापवायचा हीटर चौदाशे आणि त्यावर कुणी अठराशे वॉटची इंडक्शन शेगडी लावून कुकर चढवला, की शिट्टीऐवजी काळोख होतो. भात गॅसवर शिजवावा, नाहीतर तेवढा वेळ हीटर बंद ठेवावा.

पाण्याचं गणित आणखी कडक. नळ जोडलेला असला तरी वापरलेलं पाणी गाडीच्या पोटातल्या टाकीतच साठतं. ही टाकी साधारण दीडशे लिटरची. चार माणसांनी पाच-पाच मिनिटं शॉवर घेतला आणि मिनिटाला सहा लिटर धरले, तर १२० लिटर तिथेच संपले. भांडी अजून बाकीच. जागेवर सांडपाण्याची जोडणी नसेल तर गाडी हलवून टाकी रिकामी करायला जावं लागतं. तेव्हा अंघोळ पार्कच्या न्हाणीघरात करावी आणि खरकटं पुसून मगच ताटं विसळावीत. टाक्या रिकाम्या करताना आधी संडासाची, मग सांडपाण्याची. म्हणजे दुसरीच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हे काम कुणाचं, ते घरूनच ठरवून निघावं. ऐन वेळी प्रत्येकाला फोन येतो.

ही सगळी जोडाजोडी एकदा झाली की पुन्हा सोडायची कशाला? चार रात्रींच्या आग्रहामागे हेच कारण आहे. रोज जागा बदलणारा रोज सकाळी तास-दीड तास वायरी गुंडाळतो. थांबणारा पाण्यात पाय सोडून चहा पितो. फिरायचंच असेल आणि बरोबर दुसरं कुटुंब असेल, तर त्याने साधी मोटार आणावी. तासाभराच्या आत लेक हवासू सिटीत चक्क लंडन ब्रिज उभा आहे: थेम्सवरून उतरवलेला पूल रॉबर्ट मॅक्युलॉक या उद्योजकाने १९६८ साली विकत घेतला आणि १९७१मध्ये त्याचे दगड इथे पुन्हा रचून झाले. क्वार्ट्झसाइटला हाजी अलीची कबर आहे, पण मुंबईतल्या नव्हे. अमेरिकी लष्कराने १८५०च्या दशकात वाळवंटात वाहतुकीसाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. स्थानिकांनी नावाचं ‘हाय जॉली’ केलं. कबरीवर दगडी पिरॅमिड आणि माथ्यावर उंट.

संध्याकाळी परिसरात रानटी गाढवं दिसतात, खाणकामगारांनी सोडून दिलेल्या जनावरांची वंशज. त्यांना पोळी भरवू नये. बूट बाहेर काढून ठेवले असतील तर सकाळी झटकून घालावेत; इथे विंचू फक्त म्हणीत नसतो.

परतीच्या वाटेवर कॅलिफोर्नियाच्या तपासणी नाक्यावर फळं-भाज्यांची विचारणा होते. कढीपत्ता आधीच संपवावा, कारण लिंबूवर्गीय झाडांना रोग पसरवणारी एक कीड त्यावरही पोसते आणि कॅलिफोर्नियात त्याच्या ने-आणीवर निर्बंध आहेत.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यात वाहनांइतकाच ती उभी करायच्या पार्कांचा विचार केला. तो क्रम योग्यच आहे. अमेरिकेतल्या हौशी कुटुंबांनीही आधी जागा राखावी, मग तिला साजेशी गाडी पाहावी. आणि हातात दोनच रात्री असतील, तर आरव्हीचं भाडं, मैलांचा आकार आणि पेट्रोल यांची बेरीज करण्याचेही कष्ट घेऊ नयेत. सरळ मोटार काढावी, पार्करमध्ये एखाद्या मोटेलात खोली घ्यावी आणि नदीवर डबा घेऊन जावं.