शस्त्रक्रियेनंतरची वर्षे

पाठीचा कणा पुरता न मिटलेल्या अवस्थेत जन्मलेल्या बालकावर आज हैदराबादेत शस्त्रक्रिया होऊ शकते. १९५३ पासूनचे निलोफर बालरुग्णालय त्या शहरात आहे, आणि नांदेडकडील मराठी कुटुंबेही उपचारांसाठी हैदराबादची वाट धरतात. टाके भरतात, बालक घरी जाते. पुढे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही. कारण प्रश्न शौचाचा आहे, आणि त्याविषयी चारचौघांत बोलणे आपल्या सोवळ्या मनाला रुचत नाही.

‘स्पायना बायफिडा’ या व्याधीत कण्याच्या तळाशी असलेले मज्जातंतू दुबळे राहतात. मोठे आतडे व गुदद्वार यांवर ताबा ठेवणारे तंतू तेथलेच असल्याने मलवेगाची जाणीव होत नाही, व झाली तरी तो आवरता येत नाही. मूळ दुखणे बहुधा बद्धकोष्ठाचे असते. साचलेल्या कठीण मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो. घरची मंडळी त्यालाच हगवण समजून ती थांबविण्याचे औषध देतात, आणि रोग वाढतो. हाच साठा मूत्राशयावर दाब आणून मूत्रसंसर्गासही हातभार लावतो.

उपाय गूढ नाहीत. जेवणानंतर आतडे जागे होते, तेव्हा मुलाला रोज ठरल्या वेळी, पायांना आधार देऊन बसवावे. आहारात चोथा व पाणी असावे, जरूर तर सारक औषध द्यावे. एवढ्याने न भागल्यास वैद्यकीय सल्ल्याने गुदमार्गे पाणी सोडून आतडे नेमाने धुता येते. १९९० मध्ये इंग्लंडमधील शल्यविशारद मॅलोन यांनी आंत्रपुच्छाचे तोंड पोटावर आणून तेथून पाणी सोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीमुळे जाणत्या मुलाला हे काम स्वतः उरकता येते. (या मुलांना रबराची ॲलर्जी पुष्कळदा असते, म्हणून नळ्या व हातमोजे रबराचे नसावेत.) बस्तीचा वारसा अभिमानाने सांगणाऱ्या देशाने यात लाजावे, याचे आम्हांस नवल वाटते.

केंद्राचा राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघर येथे सुरू झाला. त्यातील विकारांच्या यादीत मज्जानलिकेचा हा दोष पहिलाच आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातील २१ प्रकारांत मात्र त्याचे स्वतंत्र नाव नाही. गर्भधारणेपूर्वीपासून घेतलेले फोलिक ॲसिड हा दोष बऱ्याच अंशी टाळते, हे १९९१ मध्येच ब्रिटनच्या वैद्यक संशोधन परिषदेने दाखविले. हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था असताना ही गोष्ट खेडोपाडी पोहोचू नये, हे खेदकारक होय.

जन्मलेल्या मुलांचा प्रश्न त्याने सुटत नाही. दुर्गंधीच्या भीतीने बाकावर एकटे बसणारे मूल पुढे शाळाच सोडते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मुलामुलींची वेगळी शौचालये व अडथळाविरहित प्रवेश बंधनकारक केला. पण आत कमोड, पाणी आणि कडी नसेल तर त्या मुलाने अर्धा तास बसावे कोठे? प्रत्येक सरकारी बालरुग्णालयाने आठवड्यातील एक दिवस या मुलांसाठी राखावा, आईला धुण्याची रीत हाताने शिकविणारी परिचारिका तेथे नेमावी, आणि नळ्यांचा खर्च शस्त्रक्रियेइतकाच सरकारी योजनांतून व्हावा, ही मागणी आम्ही दोन्ही राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांपुढे ठेवीत आहोत.