फुकटाचं वजन कोण करणार?



उसाची गाडी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावरून हलत नाही. थोडा संशय आला तरी आपण फेरवजन मागतो. पण मोबाईलवर रोज जी देवघेव चालते तिचं वजन कुणी करतं का? हवामान, बाजारभाव, पुण्या-मुंबईतल्या लेकरांशी बोलणं, सगळं फुकट. मग त्याला मोलच नाही, असं समजायचं का?

राष्ट्रीय उत्पन्नात मुख्यतः पैशाने झालेले व्यवहार धरतात. घरातल्या बाईचा स्वयंपाक त्यात येत नाही. फुकट सेवेचंही तसंच. अमेरिकेत एरिक ब्रिन्योल्फसन व सहकाऱ्यांनी यावर एक रीत काढली. लोकांना विचारलं, महिनाभर फेसबुक सोडायला किती पैसे घ्याल? २०१६ साली मधला आकडा सुमारे ४८ डॉलर निघाला, २०१७ साली ३८. हिशेबात जिथं शून्य, तिथं माणसांनी मोल लावलं. मात्र ही रीतही पुरी नाही. अडलेला माणूस थोडक्यात राजी होतो, म्हणून त्या वस्तूची त्याला कदर कमी असते असं नव्हे.

आता दुसरं पारडं बघा. २०१४ साली फेसबुकने व्हॉट्सॲप घेतलं. सौदा १९ अब्ज डॉलरचा जाहीर झाला. तिथं ना मिल होती, ना बॉयलर. होती ती सुमारे ४५ कोटी वापरणारी माणसं. म्हणजे आपण फुकट घेतो तेव्हा काही देतही असतो.

आपण काय देतो? गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख, खताचा डोस, एकरी उतारा. एका शेताच्या माहितीला कोण विचारतो? पण हजारो शेतांची माहिती एकत्र झाली की खत, बियाणे, विमा विकणाऱ्यांना ती सोन्यासारखी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ही समजून-उमजून आणि ठराविक कारणापुरती दिलेली असावी, असं तत्त्व आहे. ते वापरायचं कुणी? एकट्यादुकट्याचं हे काम नव्हे.

ऊस एकट्याने विकून भाव मिळत नव्हता, म्हणून आपण सहकार उभा केला. माहितीचंही तेच आहे. आमचं स्पष्ट मत असं की, वार्षिक सभेत ठराव व्हावा: सभासदांच्या शेताची माहिती कुणाला, कशासाठी आणि कशाच्या बदल्यात दिली, हे अहवालात छापावं, संमतीशिवाय ती बाहेर जाऊ नये.

सगळ्याच गोष्टी रुपयांत मोजता येणार नाहीत. पण जे मोजता येतं त्याचा काटा आपल्या हातात हवा. ऊस आपला, रान आपलं, तर त्याची माहितीही आपलीच!