दूध उकळतं, हात कोण उकळणार?

बालदोस्तांनो,

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या कशेळ्याला पाऊस लागला की लागला! कर्जत-मुरबाड रस्त्यावर समोरची एस.टी. दिसत नाही, आणि शाळेत निम्मी मुलं ओल्या दप्तरानं येतात. अशाच एका दुपारी चौथीतली एक मुलगी डबा समोर ठेवून नुसतीच बसली होती. जवळ जाऊन विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाई, आमचे बाबा कामचुकार नाहीत हो!"

तिचे बाबा एका तबेल्यावर कामाला. पहाटे चारला उठायचं, शेण काढायचं, म्हशी धुवायच्या, धारा काढायच्या. पण दीड महिना झाला, त्यांना ताप येत होता. सकाळी माणूस बरा दिसायचा, संध्याकाळ झाली की अंग तापायचं. रात्री घामानं अंथरूण भिजायचं. कंबर, गुडघे ठणकायचे. चार दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. रक्त तपासलं, मलेरिया निघाला नाही. टायफॉइडच्या गोळ्या झाल्या, तरी गुण नाही. मग शेजारीपाजारी बोलायला लागले, "सकाळी तर चांगला हिंडतो. कामाची वेळ झाली की बरा ताप येतो!"

मी तिला सहज विचारलं, "तबेल्यात कुठलं जनावर आजारी होतं का गं?"

"आजारी नाही बाई. पण दोन म्हशी गाभडल्या. बाबांनीच सगळं उचललं."

"हे डॉक्टरांना सांगितलं का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "ते माणसांचे डॉक्टर ना बाई? त्यांना म्हशीचं कशाला सांगायचं?"

मुलांनो, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसांनाही हेच वाटतं. पण सगळी गोम इथेच आहे!

गाभण गाय किंवा म्हैस दिवस भरायच्या आधीच व्याली आणि वासरू गेलं, तर आपण म्हणतो जनावर गाभडलं. याला कारणं बरीच असतात. मार लागतो, चारापाणी कमी पडतं. पण शेवटच्या तीन-चार महिन्यांत गाभडलं, आणि तेही एकाच गोठ्यात दोन-तीन, तर ब्रुसेला नावाच्या जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. गाभडलेलं वासरू, वार आणि अंगातून जाणारं पाणी यांत हे जिवाणू कोट्यवधी असतात. उघड्या हातानं ते उचललं, की हातावरच्या लहानशा चिरेतूनही ते आत शिरतात. डोळ्यांत शिंतोडा उडाला तरी पुरतो. आणि गंमत बघा, जनावर पुढे चांगलं धष्टपुष्ट दिसतं, दूधही देतं. त्या दुधातूनही जिवाणू जात असतात.

म्हणून दूध न उकळता पिऊ नये. आपल्याकडे घरोघरी दूध तापवतात, ही आपल्या आजी-पणजींची मोठी कृपा. उकळलं की ब्रुसेला मेलाच! त्यामुळे शहरात पिशवीतलं दूध पिणारा सुरक्षित असतो. पण गोठ्यात राबणाऱ्याचं काय? दूध उकळता येतं, हात कुठे उकळता येतात?

या जिवाणूचा शोध लागायलाही वेळ लागला. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथल्या ब्रिटिश सैनिकांना असाच येणारा-जाणारा ताप छळत होता. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांना मेलेल्या सैनिकाच्या पाणथरीत हा जिवाणू सापडला. पण तो येतो कुठून? १९०५ मध्ये माल्टाचेच डॉक्टर थेमिस्टोक्लीस झामित यांनी शेळ्यांचं रक्त तपासलं आणि कोडं सुटलं. शेळ्या अगदी निरोगी दिसत होत्या! १९०६ मध्ये सैनिकांना शेळीचं कच्चं दूध देणं बंद केलं, आणि ताप झपाट्यानं कमी झाला.

त्याआधी १८९७ मध्ये डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांना गायी गाभडवणारा जिवाणू सापडला होता. पण शेळीचा आणि गायीचा हे दोन्ही जिवाणू सख्खे भाऊ आहेत, हे अमेरिकेतल्या अ‍ॅलिस इव्हान्स या बाईंनी १९१८ मध्ये सांगितलं. गायीचं कच्चं दूध पिऊ नका, असंही त्या म्हणाल्या. पुष्कळ शास्त्रज्ञांनी विश्वास ठेवला नाही. पुढे १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करतानाच त्यांना हा रोग जडला आणि कित्येक वर्षं त्यांनी तो भोगला. त्यांचं दुखणं हा नुसता मनाचा खेळ आहे, असंही डॉक्टरांनी ठरवलं होतं! म्हणजे आमच्या मुलीच्या बाबांना जे ऐकावं लागलं, ते एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञ बाईंनाही चुकलं नाही.

मग आपण काय करायचं? पहिलं म्हणजे जनावर गाभडलं तर लहान मुलांनी आणि पोटुशी बाईनं गोठ्यात जायचंच नाही. मोठ्यांनी रबरी हातमोजे घालावेत, नाहीच मिळाले तर जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांना बांधाव्यात. नाकातोंडाला फडकं असावं. वासरू नि वार ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. कुत्री ओढत नेतात आणि रोग गावभर फिरतो. खोल खड्डा करून, चुना टाकून पुरावं. जनावर वेगळं बांधावं आणि गुरांच्या डॉक्टरांना बोलावून त्याचं रक्त तपासून घ्यावं.

दुसरं म्हणजे लस. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आणि पारडीला ती टोचतात. आयुष्यात एकदाच! सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारनं लाळ-खुरकत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांविरुद्ध देशभर मोहीम सुरू केली, तिच्यात ही लस फुकट मिळते. वासराच्या कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला बघितला असेल तुम्ही. त्या नंबरावर लसीची नोंद होते.

गोठ्यातून येणारा हा एकटाच पाहुणा नाही हं! लेप्टोस्पायरोसिसचे जिवाणू उंदरांच्या आणि गुरांच्या मुतातून पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांतून आपल्या अंगात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगानं किती हाहाकार उडवला, ते आईबाबांना विचारा. आपण तर भातलावणीचे लोक, चार महिने चिखलातच. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच गोठ्यात आणि शेतात उतरावं.

आणि तिसरं, सगळ्यांत सोपं. ताप आला की डॉक्टरांना आपणहून सांगा, "आमच्याकडे गुरं आहेत. अमुक दिवशी म्हैस गाभडली होती." डॉक्टर काही ज्योतिषी नाहीत! ह्या एका वाक्यानं कुठली तपासणी करायची ते त्यांना कळतं.

आमच्या मुलीच्या आईनं हेच सांगितलं. रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि ब्रुसेलोसिसच निघाला. दोन प्रकारची औषधं, सलग सहा आठवडे. मध्येच बरं वाटलं म्हणून सोडली असती, तर ताप परत आला असता. रोज रात्री गोळ्यांची आठवण कोण करायचं? आमची ही चौथीतली बाई! कॅलेंडरवर फुल्या मारून मारून तिनं बेचाळीस दिवस पुरे केले.

हा रोग माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. तेव्हा आजाऱ्याला वाळीत टाकू नका, आणि कामचुकार तर मुळीच म्हणू नका. गाईम्हशींवरही राग नको. त्या बिचाऱ्याही आजारीच असतात.

आता या आठवड्याचा गृहपाठ. घरच्या किंवा शेजारच्या गोठ्यात जा आणि तीन प्रश्न विचारा. कालवडीला लस टोचली का? हातमोजे आहेत का? आणि शेवटचं जनावर गाभडलं तेव्हा ते कुणी, कशानं उचललं? उत्तरं वहीत लिहा आणि आईबाबांना वाचून दाखवा.

तुमची,
बाई